झोपेतला हुंकार

फार पूर्वी, घोड्याला पंख असतात असं सांगितलं तर कुणी हसत नसे, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक कासारीण राहायची. घरोघर जाऊन बायकांच्या हातात बांगड्या भरायची. तिचा हात असा हलका, की लहान मुलीसुद्धा रडत नसत. पण तिचं खरं मन होतं लिहिण्यात. बांगड्यांची पेटी खाली ठेवली, की ती लिहायला बसे.

तिने एक भलीमोठी प्रेमकथा लिहिली होती. त्यात एक राजपुत्र होता. त्याची सावली चेटकिणीने ओढून फाडून नेलेली. नदीपलीकडे एक मुलगी होती, ती फाटक्या सावल्या शिवून द्यायची. राजपुत्राकडे पंखांचा घोडा. नदी ओलांडायची आणि मुलीला भेटायचं, एवढंच काय ते काम.

रोज दुपारी कासारीण पडवीत बसून ही कथा वाचायची आणि गल्लीतल्या बायका वाल सोलत ऐकायच्या. त्या गावाची एक रीत होती. गोष्ट चालू असताना समोर बसलेल्या एकीने "हूं, हूं" म्हणत राहायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. हा मान शेजारच्या आक्काचा. कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या घरी अबोला आहे, सगळी खबर आक्काला असे. पण बाई जीव लावणारी. कासारणीचं तर तिला लेकीसारखं कौतुक. "अशी लिहिणारी पंचक्रोशीत नाही हो," असं ती वाटसरूंनाही थांबवून सांगायची.

अडचण एकच होती. गोष्ट पुढे सरकत नव्हती. राजपुत्र नदीकाठी उभा होता तो उभाच. एक दुपार घोड्याच्या खोगिरात गेली, दुसरी लगामाच्या गोंड्यांत.

"मेल्या घोड्याला पंख आहेत ना गं?" पलीकडची म्हातारी आक्काच्या कानाशी पुटपुटली. "मग उडत का नाही? पाय आखडले का त्याचे?"

"गप गं मावशी, ऐकेल ती," आक्का म्हणाली आणि गोष्ट जरा हलावी म्हणून तिने मोठ्याने "हूं! हूं!" केलं. बाकीच्यांनीही तिची री ओढली.

कासारणीला वाटलं, अगंबाई, गोंडे इतके आवडले? दुसऱ्या दिवशी तिने गोंड्यांवरच आणखी पानं लिहून आणली. बायका जितक्या कंटाळत, तितका हुंकार मोठा होई. आणि हुंकार जितका मोठा, तितकी गोष्ट सावकाश. शेवटी आक्का डुलकी घेता घेता हुंकार द्यायला शिकली.

एक दिवस कासारीण लाडू घेऊन धावत आली. "आक्का, राणीसाहेबांचं बोलावणं आलंय! मला दरबारात कथा वाचायचीय."

"माझी गुणाची पोर ती!"

"तिथे हुंकार द्यायला एक आजोबा असतात. त्यांना पुढचं ऐकावंसं वाटलं तरच ते हूं म्हणतात. ते गप्प झाले की पुस्तक मिटायचं, आणि ते पुस्तक पुन्हा कधी दरबारात न्यायचं नाही. पण मला कसली भीती? तुम्ही सगळ्या इतक्या रंगून ऐकता!"

लाडू आक्काच्या घशातच अडकला.

दिवसभर तिचं कामात लक्ष लागेना. बोलावं तर पोर दुखावणार. गप्प राहावं, तर भर दरबारात परकी माणसं तिचं पुस्तक मिटवणार. गावात खोटं ऐकून ती खुशीत राहील, पण तिथे तिला कोण सावरणार?

दुपारी कासारणीने सुरुवात केली, "मग राजपुत्राने पुन्हा एकदा खोगीर नीट केलं..."

पडवीत शांतता.

"आक्का, हूं म्हण की."

"नाही म्हणत," आक्का म्हणाली. "तुझा राजपुत्र काठावर आल्यापासून मी झोपेत हूं म्हणतेय, पोरी."

कासारणीचा चेहरा पडला. तिने पुस्तक छातीशी धरलं आणि कुणाकडे न बघता निघून गेली.

"आक्का, तुझ्या जिभेला काही हाड!" बायका तुटून पडल्या.

मग कासारणीने सगळ्या गल्लीत बांगड्या भरल्या, पण आक्काचं दार टाळलं. आक्काच्या हातातली बांगडी पिचली होती. तरी हाक मारायचा तिला धीर झाला नाही.

एका सकाळी कासारीण स्वतःच दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. "झोप कुठे लागली ते सांगितलंस. जागी कुठे होतीस?"

आक्का वाटच बघत होती. "ती मुलगी कुणा गिऱ्हाइकाच्या सावलीचा फाटका तुकडा उन्हात धरते, आणि तेवढ्यावरून ओळखते की हा माणूस कित्येक दिवसांत कुणाशी बोललेला नाही. ते ऐकताना मी सालं टोपलीत आणि वाल अंगणात फेकत होते! आणि ती चेटकीण एकटी दिवे विझवून बसते ना, तिथे मला रडू आलं. त्या सटवीसाठी!"

"हे आधी कधी बोलली नाहीस."

"बोलले असते, तरी तुला त्यातलं खरं कसं कळलं असतं? गोंड्यांनाही मी तितकंच जोरात हूं म्हणत होते."

कासारीण उंबऱ्यावरच टेकली. दोघींनी मिळून खोगीर काढलं, गोंडे काढले. नदीकाठच्या पहाटेच्या वर्णनापाशी मात्र कासारीण अडली. "ही मी सोडणार नाही."

"लांब आहे गं."

"असू दे."

"बरं बाई, असू दे."

दरबारात आक्का खांबाआड उभी राहिली. आजोबांचा हुंकार येत राहिला. पहाटेपाशी तो जरा रेंगाळला आणि आक्काने पदर मुठीत आवळला. तेवढ्यात घोडा उडाला, आणि आजोबा पुढे सरकून म्हणाले, "हूं!" शेवटच्या पानापर्यंत पुस्तक मिटावं लागलं नाही.

"याच्या प्रती करून गावोगाव धाडा," राणी म्हणाली. "फक्त ती पहाट जरा लांबली, बाई."

कासारीण हसली. "हे मला आमच्या आक्काने आधीच सांगितलंय, राणीसाहेब."

तेव्हा आक्काला राहवेना. खांबाआडून मान काढून ती भर दरबारात म्हणाली, "लांब आहे, पण सुंदर आहे हो!"

आणि कासारणीला ते अगदी खरं वाटलं.

तात्पर्य: आपल्या माणसाचं उणं जो तोंडावर सांगतो, त्याच्याच कौतुकावर विसंबता येतं.