दोन पांढऱ्यांची काळी पिल्ले

एका राज्यात असा शाप होता, की खजिन्यातल्या सोन्याला हात लावताच त्याचा कोळसा होई. शाप देणारा मांत्रिक मरताना सांगून गेला, "दोन्ही नागपाल घराण्यांच्या रक्ताचा शुभ्र नाग खजिन्याच्या राशीवर बसेल, तेव्हाच शाप सुटेल."

नदीच्या अलीकडे नागपाल धृतसेन, पलीकडे नागपालीण माल्यवंती. दोघांकडे पिढ्यानपिढ्या पांढरेच नाग. पण लोक म्हणत, माल्यवंतीचे अंमळ अधिक पांढरे. आणि ते कानी आले की धृतसेनाच्या पोटात दुखे. त्याला घास गोड लागेना.

राजाज्ञेने जोडी जमली. नाग धृतसेनाचा, नागीण माल्यवंतीची. यथाकाळ राजासमोर अंडी फुटली, आणि एकूण एक पिल्लू काळे कुळकुळीत!

नागपालांची रीत अशी, की काळे पिल्लू निघाले की त्याच दिवशी रानात सोडावे. माल्यवंती टोपली उचलू लागली, तोच धृतसेनाने ती हिसकावली.

"महाराज, हिच्या नागिणीचे पांढरेपण मंत्राचे आहे. हा पुरावा माझ्यापाशी राहील."

"तीन परीक्षा होतील," राजा म्हणाला.

नागीण दुधात न्हाली, रंग बदलला नाही. मंत्र जाळणाऱ्या धुनीवरून गेली, रंग उडाला नाही. मग माल्यवंतीच्या घरच्याच जोडीची अंडी सभेत फुटली. सारी पिल्ले पांढरी.

धृतसेन तोंडघशी पडला, पण जळफळाट काही शमेना. येईल-जाईल त्याला तो टोपली उघडून दाखवी, "पाहा, हे माल्यवंतीचे पांढरे!" एवढ्यासाठी त्याने ती काळी पिल्ले उंदीर घालून पोसली. मत्सरी माणूस वैऱ्याची खोड पोटच्या पोरासारखी जपतो. पिल्ले वाढली, आपापसांत जुळली, त्यांनीही अंडी घातली.

एके सकाळी त्याने टोपली उघडली. काळ्यांच्या पोटी काही पिल्ले शंखासारखी पांढरी! तो राजसभेत धावला.

"महाराज, माझे पांढरे परतले!"

"यातले तुमचे कोणते?" माल्यवंतीने विचारले.

धृतसेनाने एकेक पिल्लू उजेडात धरले. पाठ पाहिली, डोळे पाहिले. काही केल्या उमगेना.

तेव्हा सभेतला बोलका भारद्वाज पक्षी म्हणाला, "तुझ्या घरी रंग नव्हता, तिच्या घरी कुंचला नव्हता. भिंत दोन्हीकडे कोरीच. घरे एक झाली, भिंत रंगली. आता नातवंडांत कुठे तुझे उणे उतरले, कुठे तिचे. कोणते कुणाचे, मलाही सांगता येत नाही."

राजाने खजिन्यातली कोळशाची रास सभेत आणवली, आणि धृतसेनाने एक पिल्लू तिच्यावर ठेवले. कोळसे झळाळले, सोने झाले. सभेने जयजयकार केला.

तो मात्र पिल्लाकडेच पाहत राहिला. हे तिचे असेल, या विचाराने त्याचा जीव जळला. आणि तिचे असले तरी देखणे आहे, हेही त्याला जन्मात प्रथमच दिसले.

शाप सुटला, राज्य सावरले. उरलेल्या पिल्लांची वाटणी तेवढी राहिली. धृतसेनाने टोपली माल्यवंतीपुढे ठेवली.

"बाई," तो म्हणाला, "आधी तुम्ही निवडा."