दोर धरणारे महाराज

पाया पडू नका म्हटलं ना. नमस्कार करा, लांबून करा, पण पायाला हात लावू नका. हरणवाडीच्या या मठात महाराजांचे पाय कुणी धरत नाही. इथं तळहात बघायचे असतात. मघाशी त्यांनी आपणहून हात पुढं केले आणि तुम्ही प्रसाद देतायत समजून ओंजळ केलीत. हसू नका, सगळ्यांचंच तसं होतं. त्यांच्या तळव्यावरचा आडवा वण बघितलात का? तो कसा येतो ते सांगतो. या, इकडं कुंडापाशी सावलीला बसा, आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळा. एखादी खाली पडली की काढायला आम्हालाच उतरावं लागतं.

हा कुंडाच्या काठाचा काळा दगड बघा. त्याच्यावर बोटं बसतील एवढ्या खोल खाचा आहेत. पुस्तकं वाचून आलेली माणसं सांगतात, पाणी शेंदून शेंदून पडल्या असतील. असतील बाबा. मी इथला झाडलोट करणारा माणूस, मला लोक तात्या म्हणतात. माझ्या आज्यानं मला जे सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगणार.

त्या काळी या डोंगरावर पाण्याचा टिपूस नव्हता म्हणे. खाली हरणवाडी, तिथंही विहिरी आटलेल्या. मठाच्या गादीवर केवळगिरी बाबा होते. अंगानं धिप्पाड, जेवायला बसले की वाढणारा दमायचा, पण मन लोण्याचं. गावाचा त्यांच्यावर असा जीव, की बाबांनी दिवसाला रात्र म्हटलं असतं तर लोकांनी दिवे लावले असते. पाणी नाही म्हणून ढोरं मरायला लागली, तेव्हा बाबा उठले आणि या कुंडाशी आले. तेव्हा हे नुसतं कोरडं, खोल भगदाड होतं. आत मध्यावर एक कपार आहे, तिथं ओल दिसते, तिथला गाळ काढला तर झरा मोकळा होईल, असं त्यांच्या मनानं घेतलं. दुसऱ्या कुणाला उतरवायला ते तयार होईनात. एका फळीला अंबाडीचा जाड दोर बांधला, बाबा कुदळ आणि तांब्या घेऊन फळीवर बसले, आणि गावातली दहाबारा धट्टीकट्टी माणसं दोर धरून उभी राहिली. डोंगर बोडका, दोर बांधायला झाड नाही. सगळा भार हातांवर.

उतरताना बाबा एवढंच म्हणाले, "मी खालून दोराला हिसका देईपर्यंत कुणी हात काढायचा नाही, आणि मला वर ओढायचं नाही."

दोराला सगळ्यात पुढं धोंडाई होती. या दगडाला पाय लावून उभी राहिली होती ती. पाथरवटाच्या घरची बाई, हात असे की घण उचलायची. तिचा नवरा लक्षा खाणीत दगडाखाली सापडून कमरेपासून लुळा झाला होता. तो घरात अंथरुणावर पडून असायचा. त्याला भाकरी भरवून, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून ती वर आली होती.

त्या दिवशी बाजार. गावातली कर्ती माणसं एकतर बाजाराला गेलेली, नाहीतर इथं दोराला. कुणीतरी चुलीतली राख नीट न विझवता उकिरड्यावर टाकली, वारा सुटला, आणि गवताची छपरं पेटली. इथून हरणवाडी कशी दिसते ते बघा, पडवीतलं जातंसुद्धा ओळखू येतं. तशीच त्यांना ती दिसत होती. म्हातारीकोतारी पोरांना घेऊन ओढ्याच्या पात्रात पळाली. आग धोंडाईच्या आळीकडं सरकायला लागली.

तुम्ही विचाराल, हाका का नाही मारल्या? सगळेच विचारतात. अहो मारल्या, घसा फुटेस्तोवर मारल्या. पण तोवर खाली बाबांच्या कुदळीनं झरा फुटला होता. पाण्याची धार पायावर पडली आणि ते देहभान विसरले. फळीवर बसल्या बसल्या भजन म्हणायला लागले. वरून "बाबा, बाबा" असा गजर ऐकू आला, तेव्हा त्यांना वाटलं, लोकांना पाण्याचा आवाज गेला, तेही आनंदानं नाम घेतायत. म्हणून ते आणखी मोठ्यानं गायला लागले. दोराला हिसका द्यायचं राहूनच गेलं.

धोंडाईच्या मागं गेनबा नावाचा गडी होता. तो म्हणाला, "बाई, ओढून घेऊ त्यांना वर. तुझा माणूस घरात आहे."

बाकीचे सगळे तिच्या तोंडाकडं बघायला लागले. ती हो म्हणाली असती तर सगळ्यांनी ओढलं असतं. जिचं जळत होतं, तिनंच ठरवायचं होतं. ती गावाकडं बघत होती. मग तिनं मान फिरवली, दोराची मूठ आवळली आणि म्हणाली, "बाबांनी अजून हिसका दिला नाही."

खरं सांगू? मी असतो तर ओढला असता दोर. तुम्हीही ओढला असता. चुकलं म्हणा, वेडी म्हणा तिला हवं तर, पण तेवढं काळीज आपल्यात नाही हे आधी कबूल करा.

पुष्कळ वेळानं हिसका आला. बाबांना वर घेतलं. दाढीतून पाणी निथळतंय, हातात झऱ्याच्या पाण्यानं भरलेला तांब्या, चेहरा लहान पोरासारखा फुललेला. पहिला घोट द्यायला त्यांनी तांब्या धोंडाईपुढं धरला. तिला तो घेता येईना. बोटं दोराभोवती वळलेली ती उघडतच नव्हती, आणि दोर रक्तानं भिजला होता. तिनं खाली मान घालून विचारलं, "बाबा, आता जाऊ का?"

तेव्हा बाबांनी गावाकडं बघितलं.

लक्षा गेला होता. बाबा तिच्याबरोबर धावत खाली गेले, स्वतःच्या हातांनी त्याची राख गोळा केली. धोंडाई त्यांना एका शब्दानं बोलली नाही, रडलीही नाही. त्यांनीच विचारलं, "मला ओढून का नाही घेतलंस?" ती म्हणाली, "तुम्ही ओढू नका म्हणाला होतात." एवढं सरळ उत्तर, पण त्याच्यापुढं बाबांची सगळी विद्या थिटी पडली. आपला शब्द या माणसांवर केवढा जड पडतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

तेराव्यानंतर ते तिच्या दारात गेले आणि हात जोडून म्हणाले, "धोंडाई, आता तू खाली उतर. दोर मी धरतो. तुला वाटेल तेव्हा हिसका दे." ती उतरली. झऱ्याशी बसली आणि तिथं पहिल्यांदा मोकळी होऊन रडली. वर ऐकू येत होतं म्हणे. ऊन चढलं, उतरलं. मागची माणसं आळीपाळीनं बदलली, पण पुढं धरलेले बाबा हलले नाहीत. त्यांनी तिला हाक मारली नाही की वर ओढलं नाही. तळहाताची सालटी निघाली. ती वर आली तेव्हा त्यांनी दोर हातात तसाच ठेवून विचारलं, "आई, आता जाऊ का?"

तिनं त्यांचे तळवे बघितले आणि म्हणाली, "जा."

त्यानंतर केवळगिरी बाबांनी कुणाला 'हे कर' असं म्हटलं नाही. 'करशील का' म्हणायचे. आणि गादीवर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी वर्षातून एकदा दोर धरायचा नेम घालून दिला.

कुंडाचं पाणी तेव्हापासून आटलेलं नाही. दर चैत्रात गाळ काढायला गावातली एक बाई फळीवर बसून खाली उतरते. महाराज या दगडाला पाय लावून सगळ्यात पुढं दोर धरतात, हाताला फडकंसुद्धा न गुंडाळता. बायकाही काही कमी नाहीत. गेल्या साली शेवंताबाई उतरली, गाळ काढून झाल्यावर तिनं झऱ्यावर निवांत केस धुतले आणि वेणी घातली. महाराज घामाघूम झाले होते आणि आम्ही तोंडाला उपरणं लावून हसत होतो. पण बाई वर आली की कुणी हसत नाही. ती काठावर उभी राहते, महाराज मान खाली घालून तिला विचारतात, "आई, आता जाऊ का?"

आजही ती 'जा' म्हणेपर्यंत महाराज दोर सोडत नाहीत.