सोजरने टाकी खाली ठेवली

एका गावात वर्षातून दोनदा एक टाकीवाली यायची. सोजर तिचं नाव. खांद्याला झोळी, झोळीत एक हातोडी नि दगड कोरायच्या तीन टाक्या, आणि तोंडात एकच हाळी, "जातं टाकवा, पाटा टाकवा गंऽऽ बाई!" दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत होतो. मग दाणा नुसता घरंगळतो, पीठ पडत नाही. तेव्हा त्या दगडाला टाकीनं पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात. ते काम सोजरचं.

हात असा की बघत राहावं. मक्याच्या कणसावर दाणे बसलेले असतात ना ओळीनं, तशा तिच्या खाचा. एक खोल नाही की एक उथळ नाही. पंचक्रोशीत तिच्या तोडीची टाकीवाली नव्हती, आणि हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

कारण सोजरला एक खोड होती. काम झालं की उठायच्या आधीच ती घरच्या बाईच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, "वहिनी, बरं झालं का?"

आता सांगा, असं कुणी विचारल्यावर कोणती बाई सरळ हो म्हणेल? त्यातून नव्यानं टाकलेल्या जात्याचा पहिला घास दळला की पिठात दगडाची कचकच येतेच. तो घास टाकून द्यायचा असतो, हे शेंबड्या पोरीलाही कळतं. पण सोजर पहिल्या घासालाच विचारायची. मग ती बाई चिमूटभर पीठ जिभेवर ठेवायची आणि नाक मुरडायची. "कचकच लागते गं. आणखी एक हात मार."

सोजर लगेच बसायची. फुकट. वर म्हणायची, "चुकलंच माझं."

चुकलेलं काही नसायचं. पण गावाला सवय लागली. एका घरी सासू म्हणायची खोल मार, तिथंच सून म्हणायची एवढं खोल नको. सोजर दोघींचं ऐकायची आणि दगडाची वाट लावायची. जिथं दिवसात पाच जाती व्हायची तिथं दोन व्हायची. संध्याकाळी भाकरी खाताना तिला आठवायचे ते चेहरेच. अमकी हसली, तमकी नाही हसली. एखादी हसली नसली की सोजरचा घास घशाखाली उतरायचा नाही.

एका खेपेला ती कुंभाराच्या साळूकडे बसली होती. साळू म्हणजे फटकळ बाई, तोंडाला फळी नाही, पण मनानं सरळ. काम झालं आणि सोजरनं विचारलं, "साळू, बरं झालं का गं?"

"मला काय विचारतेस? दगड तुझ्या ओळखीचा की माझ्या?"

"तसं नव्हे. पण तुला आवडलं पाहिजे ना."

साळूनं चिखलाचे हात कमरेवर ठेवले. "हे बघ. मी मडकं भाजलं की बोटानं वाजवते. ठण्ण वाजलं की माझं काम झालं. मग बाजारात कुणी म्हणतं तोंड बारीक, कुणी म्हणतं बूड मोठं. घ्यायचं तर घ्या, नाहीतर पुढं व्हा. प्रत्येकीचं ऐकून घासत बसले असते तर माझ्या मडक्याची पणती झाली असती."

"तुझं बरं आहे बाई. तुला जीभ आहे."

"आणि तुला नाही होय? हाळी देतेस तर तीन आळ्यांना ऐकू जातं!"

सोजर हसली. बोलणं तिला पटलं. पटलं, आणि पुढच्याच दारात तिनं पुन्हा विचारलं, "वहिनी, बरं झालं का?" माणसाची खोड अशी एका दिवसात जाते होय?

पुढच्या खेपेला सोजर गावात आली तेव्हा पाटलाच्या घरी लेकीचं लग्न निघालं होतं. मांडव उभा होता. दुसऱ्या दिवशी सुवासिनी येऊन नवरीची हळद दळणार होत्या. ती दळायची पाटलीणबाईंच्या जात्यावर. गावात एवढं मोठं जातं दुसरं नव्हतं. पाटलीणबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या माहेराहून बैलगाडीत घालून आलेलं. त्यावर त्यांचा भारी जीव.

सोजरनं ते सकाळपासून टाकलं. मन लावून टाकलं. वरचा दगड खालच्या दगडावर बसवला, मूठभर ज्वारी वैरली, खुंटा धरून फिरवला. पाटलीणबाई पुढं आल्या. चिमूट तोंडात टाकली आणि थुंकली.

"कचकच. आणखी खोल मार."

सोजर कधी नव्हे ते विचारायचीसुद्धा राहिली होती, तेवढ्यात हे आलं. तिनं वरचा दगड उचलून उलटा ठेवला, टाकी लावली आणि हातोडीनं हलकेच एक ठोका दिला.

दगड वाजला, आणि सोजरनं कान टवकारले. सकाळपासून मांडवाच्या गलबल्यात तो आवाज तिला नीट ऐकूच आला नव्हता.

हाच दगड पहिल्यांदा तिनं टाकला तेव्हा काशाच्या भांड्यासारखा वाजला होता. आज आवाज आला तो बसका, ओल्या भिंतीवर हात मारावा तसा. तिनं दगडाच्या कडेवरून बोटं फिरवली. चार बोटं जाड असलेला दगड दोन बोटंही उरला नव्हता. कुणी केला तो पातळ? दळणानं एवढा झिजत नाही. सात वर्षं, वर्षातून दोनदा, पाटलीणबाई म्हणाल्या "आणखी", आणि दर वेळी जास्तीचा एक हात मारला तो सोजरनंच.

आता आणखी मारलं तर कदाचित दगड टिकला असता. कदाचित दारात मांडव असताना पाटलीणबाईंच्या माहेरच्या जात्याचे दोन तुकडे झाले असते, आणि लोकांनी नवरीच्या नशिबालाही बोल लावला असता. नाही मारलं तर पाटलीणबाईंची मर्जी जाणार. आणि पाटलीणबाईंची मर्जी गेली की गाव गेलं, कारण त्या ज्या टाकीवालीला बोलावणार तिलाच गाव बोलावणार. सोजरच्या घरात सहा महिन्यांची ज्वारी यायची ती या एका गावातून.

"काय गं, बहिरी झालीस का? मार म्हटलं ना!"

सवयीनं हात वर गेला. वर गेलेला हात सोजरनं तसाच धरला. मग तिनं टाकी खाली ठेवली.

"नाही मारत, पाटलीणबाई."

"काय म्हणालीस?"

"काम झालंय. दगड पातळ झालाय. आणखी एक हात बसला तर फुटेल."

"सात वर्षं मारत आलीस, तेव्हा नाही फुटला?"

"तेव्हाही मारायला नको होतं. तुम्ही म्हणालात आणि मी मारलं. दगड तुमचा, पण टाकी माझ्या हातात होती. ती चूक माझी. आज पुन्हा करणार नाही."

पाटलीणबाईंना त्या घरात कुणी नाही म्हटलेलं आठवत नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला. "माझ्या दारात बसून मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सांगते. पहिला घास टाकून द्या. दुसराही टाका. तिसऱ्या घासाचं पीठ बघा."

"आणि नाही बघितलं तर?"

"नाही बघितलं तरी ते तसंच पडेल."

"ऊठ!" पाटलीणबाई ओरडल्या. "चालती हो. या गावात पुन्हा हाळी द्यायची नाही. मी दुसरी बोलावते."

सोजर उठली, पण पळाली नाही. आधी तिनं वरचा दगड जागेवर बसवला, फडक्यानं भुकटी पुसली, जात्याला हात लावून नमस्कार केला. मग झोळी उचलली.   आणि ती चालू लागली.

गावाला बातमी तिच्या आधी पोचली होती. आळीत हाळी दिली, एक दार उघडेना. ज्या वहिनीकडे तिनं दोन-दोनदा फुकट हात मारला होता, तिनं तर तिला बघून दार लोटूनच घेतलं. सोजर त्या लोटलेल्या दारासमोर जरा उभी राहिली. या बाईनं एकदा हसावं म्हणून आपण किती खेपा बोटं सोलून घेतली, हे तिला आठवलं. आणि गंमत बघा, तिला रडू आलं नाही. राग आला, तोही स्वतःचा.

"ए सोजर!" मागून साळूचा आवाज. "गावभर फिरतेस आणि माझं दार दिसत नाही? ये, जातं टाकून दे."

"पाटलीणबाईंनी मला गावात हाळी द्यायची नाही म्हणून सांगितलंय."

"मग हाळी नको देऊस, गप बसून टाक! माझं दळण काय पाटलीणबाई येऊन दळतात? मी दळते. बस खाली."

सोजर बसली. टाकी दगडावर पडायला लागली. खालचा दगड झाला. वरचा अर्धा झाला. तेवढ्यात पाटलाच्या घरचा गडी धापा टाकत आला.

"सोजरबाई, चला. पाटलीणबाईंनी बोलावलंय. पाटा टाकवायचा राहिलाय म्हणाल्या."

"पाटा?" साळू फिसकन हसली. "खरं काय झालं ते सांग की रे."

गड्यानं इकडं तिकडं बघितलं आणि सांगितलं. दुसरी टाकीवाली चार गावं पलीकडं. ती यायची परवा, आणि हळद तर उद्या. तेव्हा सोजरचं काम कसं वाईट आहे ते घरात दाखवायला पाटलीणबाई स्वतः जात्यावर बसल्या. पहिला घास दळला. "बघा, कचकच!" म्हणाल्या. दुसरा दळला, कचकच कमी झाली. तिसऱ्याला जातं हलकं फिरायला लागलं. तीस वर्षं दळलेली बाई ती, तिच्या हाताला कळायचं ते कळलं. पीठ बोटांत चोळून बघितलं, तर तान्ह्या पोराच्या गालाला लावावं असं. मग त्यांनी दगडाच्या कडेला आपली बोटं लावून बघितली.

"मग म्हणाल्या, पाटा राहिलाय. सोजरला बोलाव."

"म्हणजे चुकले म्हणता येत नाही, तेव्हा पाटा आठवला," साळू म्हणाली.

"बाई, चला लवकर. त्या दारात उभ्या आहेत."

सोजरनं समोरच्या अर्ध्या झालेल्या दगडाकडे बघितलं. "हा दगड पुरा करते, मग येते."

"अहो, पाटलीणबाई दारात उभ्या आहेत!"

"ऐकलं मी. साळूचं दळणही खोळंबलंय. बस हवं तर सावलीत."

गडी डोकं खाजवत सावलीत बसला. सोजरनं दगड पुरा केला, एकही खाच न गाळता. जातं बसवलं. पहिला घास दळून टाकला, दुसरा टाकला. तिसऱ्याचं पीठ तिनं स्वतःच्या तळहातावर घेतलं, चोळलं, चाखलं आणि मान हलवली. साळू काहीतरी बोलायला तोंड उघडते तोवर सोजर झोळी घेऊन उठलीसुद्धा.

पाटलीणबाईंनी पाटा अंगणात काढून ठेवला होता. दोघीही सकाळचं बोलल्या नाहीत. सोजर पाट्याशी बसली, पाटलीणबाई ओट्यावर बसल्या. काम संपेपर्यंत एकदाही "आणखी" आलं नाही.

सोजर निघाली तेव्हा पाटलीणबाई जात्याकडे बघत म्हणाल्या, "किती दिवस टिकेल गं हे?"

"आजच्या खाचा बेतानं दळलं तर तीन वर्षं पुरतील, तोवर त्याला टाकी लावायची नाही. मीही लावणार नाही आणि दुसरीलाही लावू देऊ नका."

"आणि तसं पाळलं तर?"

"तर तुमच्या नातीची हळदही यावरच दळाल."

दुसऱ्या दिवशी सुवासिनी जमल्या, जात्याला हळदकुंकू लागलं, आणि हळद दळताना ओव्यांचा आवाज साळूच्या अंगणापर्यंत आला.

तात्पर्य: आपल्या कामाची पारख आपण करावी, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ती शोधत फिरू नये. चुकलं असेल तर सरळ कबूल करावं. नीट झालं असेल तर कुणी कितीही नाक मुरडो, हात तिथंच थांबवावा.