वर जाणारी माती

फार फार मागच्या काळची गोष्ट. तेव्हाही माणसं दमायचीच, हे आधीच सांगून ठेवतो. एका कोरड्या, उघड्याबोडक्या डोंगरावर एक गाव होतं. पाऊस थोडाच यायचा, पण यायचा तो धिंगाणा घालत. गावाच्या पूर्वजांनी डोंगराला दगडी बांध घालून पायऱ्या पाडल्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर एकेक शेत धरलं होतं.

आता माती ती माती. पाऊस आला की वरच्या शेतातली थोडी खालच्यात, तिथली थोडी आणखी खाली. म्हणून गावाची एक रीत होती. डोंगर रिकाम्या हातानं चढायचा नाही. कुणी गुरं आणायला निघो, कुणी लेकीला भेटायला, तळच्या शेतातून पाटीभर माती घ्यायची आणि सगळ्यांत वरच्या शेतात नेऊन टाकायची. नव्या नवरीचीही यातून सुटका नव्हती. हळद निघायच्या आत बिचारीच्या डोक्यावर चुंबळ यायची.

तळाचं शेत बिरूचं. सगळ्यांची माती त्याच्याकडे येऊन साचायची, त्यामुळे त्याची बाजरी गावात उजवी. सगळ्यांत वर येसाईचं शेत. म्हातारी एकटी होती आणि तेवढ्याच तुकड्यावर तिचं वर्षभराचं पोट होतं.

एका वर्षी बिरूचे गुडघे धरले. खोटं कशाला बोलू, खरंच दुखत होते. अर्ध्या चढावर त्यानं पाटी उतरवली आणि सोबतच्यांना म्हणाला की माती आपल्या पायांनी खाली येते, तिला उलटी नेणारे आपण कोण? बाकीचेही पिढ्यान्पिढ्या वाहून कंटाळलेले. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. पाट्या मात्र उतरल्या.

येसाई एकटीच वाहत राहिली. पण एका म्हातारीच्यानं किती होणार? दर पावसाळ्यानंतर तिच्या शेतात खडक थोडा जास्त दिसू लागला. बाजरी वीतभर वाढून वाळायला लागली. मागची माती गेली तसा बांधही ढिला पडला. शेवटी ती बिरूच्या दारी गेली.

"बिरू, बाबा, माझी माती तुझ्या शेतात आहे. रोज एक पाटी वर धाड. नाहीतर मी खाऊ काय?"

"काकी, पुढच्या वर्षी बघू. या वर्षी अंगात त्राणच नाही."

जाताना तिनं स्वतःच एक पाटी भरून घेतली आणि चढाला लागली. तिच्या अंगात तरी कुठं त्राण होतं?

पुढचं वर्ष आलं आणि तेही तसंच गेलं. 'पुढच्या वर्षी' म्हणणाऱ्या माणसांचा मला अगदी वीट आला आहे, पण गोष्ट सांगायची तर त्यांचीच सांगावी लागते.

मग एका श्रावणात पाऊस आला. येसाईच्या शेतात पाणी जिरवायला माती उरली नव्हती. सगळा लोंढा ढिल्या बांधावर आदळला आणि बांध सुटला. त्याचे दगड खालच्या बांधावर, त्याचे आणखी खालच्यावर. पाऊस थांबला तेव्हा बिरूच्या शेतात कमरेएवढे दगड होते. इतक्या वर्षांची काळी माती ओढ्यातून वाहून गेली होती.

बिरू दिवसभर त्या दगडांवर बसून राहिला. ऊन कलल्यावर त्यानं पाटीत दगड भरले आणि चढायला लागला, कारण बांध घालायचा तर वरूनच घालावा लागतो. येसाई आपल्या उघड्या खडकावर बसली होती.

"काकी," पाटी उतरवत तो म्हणाला, "गुडघे तेव्हाही एवढेच दुखत होते. पण तेव्हा पाटीत माती होती."

"ठेव तिथं," येसाई म्हणाली. "उद्या अजून आण. मी नसेन तेव्हाही आण."

बिरूनं आणले. येसाई गेली त्यानंतरही तो आणत राहिला. बांध उभा राहिला, पण त्याच्यामागे पेरण्याजोगी माती साचायला त्याचा जन्म पुरला नाही.

लहानांनो आणि थोरांनो, बोध एवढाच: जे रोज थोडं थोडं घसरतं ते रोज थोडं थोडं वर न्यावं, दमलो म्हणून सोडलं तर दमणं काही चुकत नाही, फक्त हातचं जातं.