शोणेच्या मुखाचे उदक

एका राज्यात सिंहासनाच्या लाकडाची ओल अजून वाळली नव्हती, इतके ते राज्य नवे होते. राजाचे नाव सत्यंधर. त्याच्या डोंगराळ मुलखात धान्य अमाप पिके, पण ते विकायला समुद्राकडे न्यावे लागे, आणि वाट एकच, शोणा नदी. नदीचे मुख सातासमुद्रापलीकडच्या चंडवर्मा सम्राटाच्या ताब्यात होते. हा सम्राट मांत्रिक. परक्या नावेतले धान्य मुखाशी पोचताच वाळू होईल, असा शाप त्याने घालून ठेवला होता. आणि तसेच होई.

अखेर डोंगरातल्या शेतकऱ्यांनी राजाला निरोप धाडला. सुगीपर्यंत मुख उघडले नाही, तर ते चंडवर्म्याची चाकरी पत्करणार होते. त्यांचे तरी काय चुकले? वाळू शिजत नाही. नव्या राज्याचे दोन तुकडे होणार हे दिसताच सत्यंधराची झोप उडाली. त्याने दरबारातल्या हेमलेखेला आपली वकील नेमले, सोने दिले आणि मुख तेवढे विकत आणायला सांगितले. सोबतीला एक बोलका पाणकावळा दिला. पक्षी शहाणा, पण विचारल्याखेरीज बोलत नसे.

हेमलेखा समुद्र ओलांडून गेली, तेव्हा चंडवर्मा भलत्याच विवंचनेत होता. त्याच्या एका बेटावर दासांनी बेड्या तोडल्या होत्या. त्यांना दडपायला धाडलेले सैन्य तापाने मेणासारखे वितळून गेले होते. बेट गेल्यावर शोणेकाठचा मुलूख त्याला नुसता ओझे झाला होता, आणि शेजाऱ्याशी लढायला सोने हवे होते.

“मुख एकटे विकत नाही,” तो म्हणाला. “माझ्या तीन अटी. मुखामागचा सगळा मुलूख घ्यावा. आजच घ्यावा. आणि तिथे काय आहे हे मला विचारू नये, कारण ते मला ठाऊक नाही.”

हेमलेखा पेचात पडली. आज्ञा मुखाची होती, आणि पदरात पडत होता आपल्या राज्याएवढा दुसरा मुलूख. परत जाऊन विचारावे, तर सुगी उलटणार. तिने स्वतःच्या जबाबदारीवर होकार दिला. रीतीप्रमाणे चंडवर्म्याने सोन्याच्या झारीने तिच्या हातावर उदक सोडले, म्हणजे भूमी दिली. पाणी ओघळून गेले आणि तळहात कोरडाच राहिला. घाईत तिचे तिकडे लक्ष गेले नाही. पाणकावळ्याने पाहिले, पण त्याला कोणी विचारले नाही.

राज्यात ढोल वाजले. पहिली नाव मुखाशी पोचली आणि धान्याची वाळू झाली. दुसरीचीही झाली, तिसरीचीही. हेमलेखेला तोंड दाखवायची सोय उरली नाही. तेव्हा कुठे तिने पक्ष्याला विचारले, “माझे काय चुकले?”

“ते उदक राजवाड्याच्या विहिरीचे होते,” पाणकावळा म्हणाला. “शोणेचे पाणी जे पितात, त्यांनाच तिचे उदक सोडता येते.”

मग राजा स्वतः हेमलेखेला घेऊन त्या मुलखात गेला. तिथे ओसाड रान असेल असे सर्वांनी धरले होते. तिथे गावे होती, चुली पेटल्या होत्या, पोरे नदीत डुंबत होती. कांतारी नावाची वृद्धा त्या लोकांची प्रमुख. तिने सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली.

“ज्याने हा मुलूख पाहिला नाही त्याने तो विकला,” ती म्हणाली, “आणि जिने पाहिला नाही तिने घेतला. आता तुम्हांला काय हवे?”

आपण मालक आहोत, हे प्रधानाने पढवलेले उत्तर राजाच्या ओठांवर होते. ते त्याने गिळले. त्याला लाज वाटली, आणि बरे झाले वाटली.

“वाट हवी,” तो म्हणाला. “मुलूख तुमचा.”

कांतारीने ओंजळभर शोणेचे पाणी हेमलेखेच्या हातावर सोडले. या खेपेस हेमलेखेने नीट पाहिले. तळहात ओला झाला होता. त्याच घटकेस मुखाशी अडकलेल्या तिन्ही नावांतली वाळू पुन्हा धान्य झाली. डोंगरातले शेतकरी राज्यातच राहिले. सोने तेवढे बुडाले.

शोणा अजून वाहते आहे, नावा अजून जातात. सुगीआधी राजाने मुखाशी जाऊन वाट मागायची, अशी तिथली रीत आहे. ज्या वर्षी एखादा राजा म्हणतो की मुलूख तर आपण विकतच घेतला आहे, मग मागायचे कशाला, त्या वर्षी राज्यभर भाकरी दाताखाली कचकचते.