इवलीचा दाणा आणि फुगलेलं दार

ही गोष्ट खरी आहे. अगदी गळ्याशप्पथ. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, मी तेव्हा झोपलो होतो. पण डोळे उघडे होते. म्हणजे, एकच डोळा. तर ऐका.

समुद्राकाठी एक शहर होतं. फार गरम. फार दमट. तिथे बाळाचा लंगोट सकाळी वाळत घालावा, तर संध्याकाळी ओला तो ओलाच.

त्या शहरात, एका खिडकीच्या चौकटीत, इवली मुंगी राहायची. तिला घर बदलायचं होतं. नवं घर तिने बघून ठेवलं होतं. स्वयंपाकघरातल्या कपाटात, मागच्या फळीत, एक भोक. कोरडं. काळोखं. शेजारही चांगला.

उन्हाळ्यात इवली निघाली. फरशी तापलेली. चट् चट् चट्. पाय भाजले.

इवली म्हणाली, "नको बाई. पावसाळ्यात जाऊ."

पावसाळा आला. चौकटीत पाणी आलं. टप् टप् टप्. इवलीचं घर बुडालं. पलंग वाहून गेला. उशी वाहून गेली. उरला एक साखरेचा दाणा. चांगला मोहरीएवढा.

आता मुंग्यांची एक रीत असते. नव्या घरात रिकाम्या हातांनी शिरायचं नाही. गोड घेऊनच शिरायचं. इवलीने दाणा उचलला आणि निघाली.

तुरु तुरु, तुरु तुरु.

पण हवा ओली. दाण्याला घाम फुटला. आणि कपाटाचं दार गच्च बसलेलं. उन्हाळ्यात बोटभर फट होती. आता तीही नाही.

"कपाटआजोबा, कपाटआजोबा, दार उघडा.
माझा दाणा टिकेना."

कपाट म्हणालं, "नाही उघडत जा. मी पावसाने फुगलोय. पंखा फिरला तर वाळेन. वाळलो तर उघडेन."

इवली भिंतीवर चढली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पंखेकाका, पंखेकाका, फिरा.
दार उघडेना,
माझा दाणा टिकेना."

पंखा म्हणाला, "नाही फिरत जा. वीज आली तर फिरेन."

इवली तारेवरून गेली. तुरु तुरु, तुरु तुरु. दाणा झाला राजगिऱ्याएवढा.

"वीजमावशी, वीजमावशी, या.
पंखा फिरेना,
दार उघडेना,
माझा दाणा टिकेना."

वीज म्हणाली, "नाही येत जा. खटका चढला तर येईन."

खटका होता घराच्या दारामागे, मीटरपाशी. ओल आली, तसा पडला होता खाली. मान टाकून, तोंड फुगवून. इवली गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"खटकेराव, खटकेराव, चढा.
वीज येईना,
पंखा फिरेना,
दार उघडेना,
माझा दाणा टिकेना."

खटका म्हणाला, "नाही चढत जा. आई उठली तर चढवेल."

आई बसली होती पाळण्याशी. एका हाताने दोरी ओढत होती. दुसऱ्या हाताने बिनसाखरेचा चहा पीत होती. चेहरा कडू. इवली तिच्या खांद्यावर चढली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"आई आई, ऊठ.
खटका चढेना,
वीज येईना,
पंखा फिरेना,
दार उघडेना,
माझा दाणा टिकेना."

आई म्हणाली, "नाही उठत जा. बाळ झोपलं तर उठेन."

बाळ होतं पाळण्यात. ट्यँहा ट्यँहा. घामाने चिंब. इवली दोरीवरून उतरली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"बाळोबा, बाळोबा, झोपा.
आई उठेना,
खटका चढेना,
वीज येईना,
पंखा फिरेना,
दार उघडेना,
माझा दाणा टिकेना."

बाळ म्हणालं, "नाही झोपत जा. उकडतंय. पंखा फिरला तर झोपेन."

इवली मटकन खाली बसली.

पंखा? पंख्याकडून तर ती आली होती. पंखा विजेवर अडलेला. वीज खटक्यावर. खटका आईवर. आई बाळावर. आणि बाळ पुन्हा पंख्यावर. सगळेच अडलेले. कोणीच हलेना.

इवलीने दाणा पाहिला. खसखशीएवढा.

बाळाला द्यावा, तर हात रिकामे. रिकाम्या हातांनी घरात कसं शिरायचं? न द्यावा, तर दाणा विरघळतोच आहे.

इवलीने खूप विचार केला. मुंगी करते तेवढा. मग ती बाळाच्या गालावर चढली. हळू हळू, तुरु तुरु. आणि दाणा ठेवला ओठावर.

बाळाने जीभ काढली.

चुप् चुप्. चुप् चुप्. चुप्प.

बाळ झोपलं.
बाळ झोपलं, आई उठली.
आई उठली, खटका चढला. खट्ट.
खटका चढला, वीज आली. झुळुक्.
वीज आली, पंखा फिरला. गर्र गर्र, गर्र गर्र.
पंखा फिरला, कपाट वाळलं. ढेकर दिला आणि दार उघडलं. कर्र कुईं.

आत भोक होतं. कोरडं. काळोखं.

इवली उंबऱ्याशी आली आणि थांबली. हात रिकामे. रीत म्हणजे रीत.

तेवढ्यात आईने कपाटात हात घातला. भोकाशेजारचा डबा काढला. तो होता साखरेचा. म्हटलं ना, शेजार चांगला. आईने चमचा भरला. चमचा आपोआप हलला, की आईने हलवला, ते आईलाच ठाऊक.

टिंग.

इवलीपुढे एक दाणा पडला. कोरडा. पांढरा. मोहरीएवढा.

इवलीने दाणा उचलला आणि घरात शिरली. आई गोड चहा प्यायली.

आता एक कबूल करतो. पंख्याच्या वाऱ्याने फुगलेलं दार उघडत नाही. ते मी रचलं. खरं म्हणजे पाऊस गेला. मग घामाचा आश्विन गेला. मग जरा थंडी पडली. फरशी गार झाली, हवा कोरडी झाली, आणि दार आपणहून उघडलं. तोवर इवली बाळाच्या दुपट्याच्या घडीत राहिली. म्हणून तिथल्या मुंग्या आता घर बदलतात ते थंडीतच.

बाकी सगळं खरं. मुंगी बोलली, खटका बोलला, आणि पंखेकाका तर अजून बोलतात. ऐका.

गर्र गर्र. गर्र गर्र.