केरूबाच्या बसण्याचे दगड

निंबोरी आणि ढोकवडे या दोन गावांच्या शिवेवर नऊ दगड आहेत. चर्चमागच्या पायवाटेनं निघालं की पहिला लागतो चिंचेखाली. दुसऱ्यासाठी चांगली दोन शेतं ओलांडावी लागतात. पुढं पुढं मात्र दगड जवळ येत जातात, आणि तळ्याकाठचे शेवटचे दोन तर इतके जवळ, की एकावर बसून दुसऱ्यावरच्या माणसाला पान-सुपारी द्यावी. शिवेचे दगड असे कोण रोवतं, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. एखादा शिकलेला असेल तर मोजणी चुकली म्हणतो. मोजणी बरोबर आहे. त्या अंतरांत एका माणसाचा गुडघा आहे.

असं सांगतात, की इंग्रजांचा अंमल नवा होता तेव्हा निंबोरीचा येसकर केरू नावाचा होता. येसकर म्हणजे वेशीची राखण करणारा, गावाची हद्द तोंडपाठ असलेला माणूस. दोन गावांत शिवेवरून तंटा पेटला, की येसकरानं गावदेवीच्या पारावरचं मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि शीव चालून दाखवायची. तो चालेल ती शीव. खोटा चालला तर वर्षाच्या आत त्याचं घर बसतं अशी भीती, आणि त्या भीतीच्या जोरावर दोन्ही गावं त्याच्या पावलांवर विश्वास टाकत.

केरू आणि त्याची बायको ठकूबाई दोन वर्षांमागं ख्रिस्ती झाली होती. त्याचा त्रास व्हायचा तो झालाच. केरू हक्काची भाकरी मागायला गेला की दारं लागू लागली. नदीवर पाणी भरायची त्यांची जागा आधीच खालच्या अंगाला, ती आणखी खाली गेली. भावकीच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही की ठकूबाई म्हणायची, "बरं झालं, त्यांचा भात कधी शिजलेला नसतो." घरात येऊन ती रडायची, हेही सांगतात. शेजारणींना कुडातून ऐकू जातंच.

अशात निंबोरीच्या विहिरी आटल्या. ढोकवड्याच्या तळ्याला मात्र पाणी होतं. निंबोरीच्या आनंदराव पाटलानं दावा लावला, की तळं मुळात आमच्या हद्दीतलं. मामलेदार येऊन शीव ठरवणार असं झालं. येसकर बाटला, आता त्याची साक्ष कोण धरणार, म्हणून गाव हळहळत होतं. पाटलाला नेमकं उलटं सुचलं. त्यानं केरूला चावडीवर बोलावून घेतलं.

"ढेकूळ घ्यायचं आणि तळ्याच्या पल्याडून चालायचं," पाटील म्हणाला. "आमच्यातला कुणी असा चालला तर देवी त्याचं घर खाईल. तुझी तर देवीशी सोयरीक तुटली. तुला काय होतंय, केरू?"

चावडी हसली. पाटलाच्या डोक्याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. वर पाटलानं असंही कबूल केलं, की भाकरी पुन्हा सुरू होईल, पाणी वरच्या अंगाला भरता येईल, आणि प्रार्थनेच्या खोपटाला कुणी हात लावणार नाही.

केरू खाली धुळीत बसला होता. दोन वर्षांचा शीण त्याच्या हाडांत उतरला होता. वरच्या अंगाला पाणी मिळालं तर ठकूबाईची निम्मी पायपीट वाचणार होती. त्याला मोह पडलाच नाही असं काही जण सांगतात, पण ते थकलेल्या माणसाला ओळखत नाहीत.

मग तो म्हणाला, "देवी बघत नसंल, पाटील. मी ज्याचा झालोय त्यो बघतोय. तळं त्यांचं हाय."

त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद झालं. भावकीतली माणसं तेवढी येऊन गेली आणि विचारून गेली, की तुझ्या देवाला आमच्या लेकरांची तहान दिसत नाही का. तहान केरूच्याही घरात होती.

येसकर चाललाच नाही तर दावा लोंबकळत राहील, तोवर तळ्यावर दांडगाईनं पाणी भरता येईल, असा पाटलाचा दुसरा हिशेब. मामलेदार यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, खळ्यावर दोघांनी केरूला आडवा पाडून त्याच्या उजव्या गुडघ्यावर काठी घातली. खळ्यावर माणसं होती. सगळी उफणणीत गुंतलेली.

दुसऱ्या दिवशी केरू काठी टेकत चिंचेखाली आला तेव्हा दोन्ही गावं जमली होती. आता ढोकवड्याचे लोक अडून बसले. ज्याला देवीचं भय नाही त्याच्या चालण्यावर भरवसा कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही वावगं नव्हतं. मामलेदारानं केरूला विचारलं, की तू शपथ कशाची घेणार.

"शपथ नको, सायेब," केरू म्हणाला. "रोज खोटं बोलत असतो तर आज शपथ लागली असती."

मामलेदारानं त्याच्या सुजलेल्या पायाकडं पाहिलं आणि चाल म्हणाला. केरूनं पाराची माती घेतली नाही. पायाखालच्या नांगरटीतलं ढेकूळ उचललं, डोक्यावर ठेवलं आणि निघाला.

चैत्राचं ऊन होतं. रिवाज असा, की चालत्या येसकराला कुणी हात लावायचा नाही, लावला तर ते चालणं बाद. म्हणून ठकूबाई त्याच्या शेजारून, हातभर अंतर राखून चालत होती. मागून निंबोरीची माणसं शिव्या घालत येत होती. केरू पुटपुटत होता, प्रभू, त्या बाभळीपर्यंत ने. बाभळीशी बसायचा. पुढच्या खेपेला मागणं निम्म्यावर यायचं, त्या बांधापर्यंत ने. तो निघाला तिथं आणि पुढं बसेल तिथं खूण करा असा मामलेदाराचा हुकूम होता, म्हणून माणसं दगड रोवत मागून येत होती.

पाचव्या ठिकाणी तो बसला तो लवकर उठेना. ढेकूळ एका हातानं डोक्यावर धरलेलं, डोळे मिटलेले. मागून कुणीतरी ओरडलं, ऊठ रं, का हितंच मरतोस.

ठकूबाई वळली. तिचा आवाज चढलासुद्धा नाही म्हणतात. "बसू द्या त्यांला," ती म्हणाली. "शीव कुठं पळून चाललीय?"

त्यानंतर शिव्या थांबल्या. शेवटी शेवटी त्याचं मागणं, आणखी एक पाऊल, एवढंच उरलं होतं. आठव्या दगडापासून नवव्यापर्यंत तो बसूनच सरकत गेला. तिथं त्यानं ढेकूळ खाली ठेवलं. तळं ढोकवड्याच्या बाजूला राहिलं.

ढोकवडेकरांनी त्याला उचलून घेतलं. आमच्यात ये, घराला जागा देतो, पाण्याची ददात नाही, असा आग्रह केला. केरू म्हणाला, "तुमची बाजू नाय घेतली मी. शीव हाय तिथं हाय. मला घरी सोडा."

आणि तो घरी गेला, त्याच निंबोरीत. दुसऱ्या दिवशी ठकूबाई घागर घेऊन नदीच्या त्याच खालच्या अंगाला गेली. गुडघा पुढं कधी सरळ झाला नाही. शेवटच्या दगडापाशी झरा फुटला, पाटलानं पाय धरले, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. झरा फुटला नाही आणि पाटलानं पाय धरले नाहीत. निदान या दगडांवर बसून तरी कुणी पदरचं घालू नये.

आजही ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी प्रार्थना संपली, की निंबोरीची ख्रिस्ती माणसं शीव चालायला निघतात. अलीकडे गावातली बाकीची घरंही येतात, पाटलांच्या घरातली एक सूनसुद्धा. वर्षभरात जो कुणी फार थकला असेल, त्यानं कुठल्याही दगडावर बसावं. इतरांनी भोवती उभं राहायचं आणि त्याला ऊठ म्हणायचं नाही. तो आपला आपण उठला, की सगळ्यांनी पुढं चालायचं. गेल्या वर्षी मंजुळा रणपिसे चौथ्या दगडावर बसली ती अर्धा तास उठली नाही. ऊन डोक्यावर आलं, पोरं भुकेली झाली. तिला काय झालंय हे आमच्यासारख्या चौकस बायकांनीसुद्धा विचारलं नाही. सगळे उभे होते.